साहेबांची जीप

आमच्या चिरंजीवांनी थार घ्यायचं ठरवलं, त्या रात्री घरात सभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच सौ. होत्या. आमच्या घरातलं अध्यक्षपद तहहयात आहे. मी श्रोत्यांत होतो.

"चांगली चालती गाडी आहे की दारात," सौ. म्हणाल्या, "आणि ही काय, जीपच की! कलेक्टर व्हायचंय का तुला?"

"आई, जीप नाही. थार."

"नाव काहीही ठेव. तोंड जीपचं आहे."

सौ.नी जे एका दमात सांगून टाकलं, तेच ठरवण्यासाठी तिकडे अमेरिकेत वकिलांच्या फौजा दोन-दोन वर्षं भांडत होत्या, हे मला पुढे वाचून कळलं. चिरंजीवांनी मात्र हार मानली नाही. "बाबा, तुम्हीच सांगा हिला. ही नुसती गाडी नाही. हेरिटेज आहे."

मला हेरिटेज म्हटलं की पडायला आलेला वाडा डोळ्यांसमोर येतो. मालक दुरुस्त करत नाही, भाडेकरू सोडत नाही आणि महापालिका दर पावसाळ्यात नोटीस चिकटवते. तशी एखादी वस्तू मुलगा कर्ज काढून घरी आणणार म्हटल्यावर कुठल्याही बापाच्या पोटात गोळा येईल. पण त्याने टेबलावर रंगीत माहितीपत्रक पसरलं. चौकोनी तोंड, दोन बाजूंना दोन वाटोळे दिवे, मध्ये उभ्या फटींची जाळी. मी ते चित्र पाहिलं मात्र, माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलू लागला. सौ.ना वाटलं, याची साखर उतरली. त्यांनी लगबगीने गुळाचा खडा आणला. तो मी खाल्ला, कारण एरवी मला घरात गोड मिळत नाही. पण अंगठ्याचं कारण वेगळं होतं. असल्या फटी मी सात वर्षं पुसल्या होत्या.

माझे वडील, अण्णा, एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. मुक्काम सिन्नर, जिल्हा नाशिक. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या खात्यांच्या जीपा सारख्याच असत. गावात तिला 'साहेबांची जीप' म्हणत. साहेब दर तीन वर्षांनी बदलत. कुणी पान खाणारे, कुणी पैसे खाणारे. एक तर दोन्ही न खाणारे निघाले आणि त्यांची सहा महिन्यांत बदली झाली. जीप तीच, अण्णा तेच. तिचं ऑइल अण्णा बदलत, पंक्चर अण्णा काढत, माघातल्या पहाटे हँडल मारून तिला जागी अण्णा करत. पण ती जीप कधी अण्णांची झाली नाही. ती कायम साहेबांची.

जीप म्हणजे काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. तिला दारं नव्हती. त्यामुळे दार वाजवून आत जायचा प्रश्नच नव्हता. तरी आम्हा पोरांना ती कायम बंद होती. ड्रायव्हरच्या पायाशी तीन दांडे. एक गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना कामाला जुंपायचा आणि तिसरा चढावर-चिखलात जोर वाढवायचा. समोरची काच बिजागऱ्यांवर मोडून बॉनेटवर आडवी निजवता येई. आणि पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या बैठकीखाली. "लोक खुर्चीवर बसून नोकरी करतात," अण्णा म्हणत, "आम्ही टाकीवर बसून केली."

कागदोपत्री तिला स्प्रिंगा होत्या. प्रत्यक्षात रस्त्यातला प्रत्येक दगड अण्णांच्या मणक्याला स्वतंत्रपणे भेटून जाई. रात्री आई त्यांच्या कमरेला तेल चोळायची. सिन्नर तालुक्यातल्या रस्त्यांचा नकाशा मी शाळेत पाहिला नाही, अण्णांच्या पाठीवर पाहिला.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. आषाढाचे दिवस. शाळा सुटून घरी निघालो होतो आणि धो धो पाऊस आला. डोक्यावर पोतं, पोटाशी दप्तर. मागून जीपचा ओळखीचा आवाज आला आणि माझ्याजवळ येऊन ती थांबली. आत साहेब. साहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, हा तुमचा मुलगा ना? घ्या त्याला मागे."

अण्णा समोर बघत म्हणाले, "नको साहेब, त्याला चालायची सवय आहे."

आणि जीप गेली! मी चिखलात उभा. दीड कोस मी अण्णांना मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते छापता येण्यासारखं नाही. घरी पोचलो तर अण्णा अजून यायचे होते. साहेबांना बंगल्यावर सोडून, जीप लावून, त्याच पावसात ते चालत आले. अंग पुसता पुसता एवढंच म्हणाले, "गाडी सरकारची आहे रे." मला त्या क्षणी सरकार, साहेब आणि अण्णा या तिघांचाही सारखाच राग आला. त्या जीपमध्ये मी पुढे आयुष्यात कधी बसलो नाही.

जीपशी माझा संबंध आला तो बादलीपुरता. रविवारी सकाळी ती धुवायचं काम माझ्याकडे होतं. चालवायचा अधिकार अण्णांचा, बसायचा साहेबांचा आणि धुवायचा माझा. सत्तेची वाटणी मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी अशी कळली. सगळ्यांत त्रासाचं काम त्या समोरच्या फटींचं. अंगठ्याला चिंधी गुंडाळायची, फटीत घालायची आणि वरून खाली ओढायची. अशा सात फटी. सातच का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता.

उत्तर मिळायला निवृत्ती उजाडावी लागली. घरात गाडी यायची ठरली की लोक तिचा विमा वाचतात. मी तिची कुळी वाचायला घेतली. स्थळ आलं की घराणं बघायचं, ही आपली पद्धतच आहे. आणि काय सांगू, घराणं मोठं भानगडीचं निघालं.

१९४० चा जुलै महिना. युरोपात हिटलरचे रणगाडे सुटलेले. अमेरिकेच्या सैन्याला एक चिमुकली, चारही चाकांनी ओढणारी, टेहळणीला उपयोगी पडणारी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कारखान्यांना विचारलं. अटी अशा, की नमुना ४९ दिवसांत पाहिजे आणि वजन १३०० पौंडांच्या, म्हणजे ५९० किलोंच्या आत पाहिजे. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी टेंडर वाचलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको. बहुतेक कारखान्यांनी उत्तरच दिलं नाही.

पेन्सिल्व्हेनियात बटलर नावाचं गाव आहे. तिथे बॅन्टम नावाची कंपनी छोट्या मोटारी काढून काढून दिवाळ्याच्या दारात उभी होती. बुडत्याला टेंडरचा आधार! त्यांनी डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट नावाचा इंजिनिअर बोलावला. त्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा काढला. वजन काही केल्या १३०० पौंडांत बसेना. तेव्हा ते कागदावर बसवलं. (इथे मला बॅन्टम कंपनीबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.) २३ सप्टेंबर १९४० ला नमुना मेरीलँडमधल्या हॉलाबर्ड छावणीच्या फाटकात शिरला, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास होता. लष्कराने गाडी दगडधोंड्यांतून, चिखलातून, खड्ड्यांतून पिदडली. गाडी पसंत पडली. वजनाची अट मग लष्करानेच गुपचूप सैल केली.

इथवरची गोष्ट एखाद्या व्रतकथेसारखी आहे. गरीब ब्राह्मण, कडक व्रत आणि देवी प्रसन्न. पण देवीने प्रसाद दिला दुसऱ्यालाच. बॅन्टमचा कारखाना लहान, त्याच्याने एवढ्या गाड्या होणार नाहीत, म्हणून लष्कराने बॅन्टमचे आराखडे ओहायोमधल्या विलीज-ओव्हरलँडला आणि फोर्डला दाखवले. विलीजपाशी साठ अश्वशक्तीचं दणकट इंजिन होतं. १९४१ मध्ये मोठी ऑर्डर विलीजला गेली, मग फोर्डलाही मिळाली. दोघांनी मिळून युद्धभरात सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. बॅन्टमच्या वाट्याला अडीच हजारांच्या आसपास आल्या आणि नंतर काम मिळालं ते त्या जीपांच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवायचं!

समोरची ती जाळी फोर्डची कल्पना. विलीज आधी लोखंडी पट्ट्या एकाशेजारी एक डकवत असे. फोर्डने एकाच पत्र्यातून फटी कापून काढल्या. काम स्वस्त झालं आणि विलीजनेही तीच जाळी घेतली. युद्धातल्या जीपेला नऊ फटी होत्या. युद्ध संपल्यावर विलीजने नागरिकांसाठी जीप काढली, तिला सात ठेवल्या. म्हणजे माझ्या अंगठ्याचे दोन फेरे विलीजने वाचवले होते. एवढ्या उपकाराबद्दल मी कधी आभारही मानले नव्हते.

'जीप' हे नाव कुणी ठेवलं, यावर आजही भांडण आहे. कुणी म्हणतं सैन्यातल्या दोन इंग्रजी अक्षरांचा तो अपभ्रंश. कुणी म्हणतं पॉपायच्या चित्रकथेत १९३६ पासून युजीन नावाचा एक अचाट प्राणी होता, तो 'जीप' एवढंच बोलायचा आणि कुठूनही कुठेही जायचा, त्याचं हे नाव. मला दुसरी उपपत्ती पटते. मात्र युद्ध चालू असतानाच विलीजने जाहिरातींतून 'जीप आम्हीच घडवली' अशी दवंडी पिटायला सुरुवात केली. प्रकरण सरकारी आयोगाकडे गेलं. १९४८ मध्ये आयोगाने निकाल दिला, की असं म्हणायचा विलीजला अधिकार नाही, बॅन्टमचाही हात आहे. झालं काय? १९५० मध्ये 'जीप' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून विलीजच्याच नावावर नोंदलं गेलं. निकाल एकाच्या बाजूने आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असं मी समजत होतो.

ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो. बटलर गावचा तो कारखाना मला एकदम ओळखीचा वाटला. राबणारा एक आणि जीप दुसऱ्याची, ही गोष्ट मी कुठेतरी जवळून पाहिली होती.

आता ही बया आपल्याकडे कशी आली? के. सी. महिंद्रा हे युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. जीपचा पराक्रम त्यांनी जवळून पाहिला. ते, त्यांचे बंधू जे. सी. आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाची कंपनी काढली. फाळणी झाली. मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. लेटरहेडवर 'एम अँड एम' आधीच छापलेलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून दुसरा 'एम' आपल्याच घरातला घातला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण छापील कागद वाया जाऊ न देणाऱ्या कंपनीवर आमच्यासारख्या माणसांचा लगेच विश्वास बसतो. विलीजचे सुटे भाग मुंबईच्या माझगावात उतरू लागले आणि तिथे जोडून जीपा रस्त्यावर येऊ लागल्या.

रस्त्यावर म्हणजे काय, रस्ता नव्हता तिथे. म्हणून तर ती इथे रुजली. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात समुदाय विकास योजना सुरू झाली, विकास गट आले, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्या बुडाखाली जीप आली. मलेरियाचा फवारा जीपमधून आला, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण जीपवरून आला, निवडणुकीचा कर्णाही जीपवर बसून आला. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळासुद्धा १९४८ च्या जीपखरेदीचाच. एकही क्षेत्र तिने सोडलं नाही.

अण्णांची जीप ही उंच बॉनेटची. विलीजने १९५३ मध्ये नवं उंच इंजिन बसवलं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. तिकडे असल्या जीपा केव्हाच बंद झाल्या. आपण त्या पुढे कित्येक वर्षं बनवत राहिलो. नवरा मुलगा गेल्यावरही घरात त्याचा सदरा वापरत राहावा, तसं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी कॉलेजात होतो. सुटीत दुष्काळी कामावर हजेरी लिहायला जायचो. माणसं उन्हात खडी फोडत बसलेली असत. दूरवर धुळीचा लोट दिसला आणि जीपचा आवाज आला, की सगळे हातोडे एकदम थांबत. "जीप आली!" बायका पदर सावरून उभ्या राहत. जीप आली म्हणजे सरकार आलं, सरकार आलं म्हणजे थकलेला पगार येईल, निदान कुणीतरी ऐकून घेईल. कधी पगार येई, कधी नुसतेच साहेब येत. साहेब सावलीत खुर्चीवर बसून वही बघत. अण्णा मात्र जीपमागच्या पाण्याच्या कॅनमधून पोरांच्या ओंजळीत पाणी घालत उभे असत. ते पाणी इंजिनासाठी असायचं. सरकारी गाडीत स्वतःच्या मुलाला न घेणाऱ्या माणसाने सरकारी गाडीचं पाणी बिनदिक्कत वाटून टाकलं, याचा हिशेब मला तेव्हा लागला नाही. त्या वर्षी जीप धुणंही बंद होतं. माझ्या अंगठ्याला सुटी होती आणि जीपचं तोंड धुळीने मातकट झालं होतं, तिथल्या सगळ्या तोंडांसारखंच.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात जीपेला प्यूजोच्या जातीचं डिझेल इंजिन मिळालं. २०१० मध्ये तिला राजस्थानातल्या वाळवंटाचं नाव मिळालं, थार. २०१९ मध्ये जुन्या चेहऱ्याच्या शेवटच्या ७०० गाड्या निघाल्या आणि १५ ऑगस्ट २०२० ला नवा अवतार लोकांना दाखवला. विक्री जाहीर झाली २ ऑक्टोबरला. कंपनीची पंचाहत्तरी होती म्हणून. पण जन्मभर पायी चाललेल्या माणसाच्या जयंतीला मोटारीचा मुहूर्त, याची मला गंमत वाटली. पहिल्या गाडीचा लिलाव झाला, तो १ कोटी ११ लाखांना. ती रक्कम कोरोनाच्या मदतकार्याला गेली हे छानच. पण मला आवडला तो वरचा अकराचा आकडा. कोट्यवधीच्या व्यवहारातही शकुनाचा रुपया सुटत नाही.

ही गाडी बनते कुठे? नाशिकला. अण्णांनी ज्या जिल्ह्यात मणके झिजवले, त्याच जिल्ह्यात.

दरम्यान तिकडे 'जीप' या नावाचं काय झालं, तेही ऐका. विलीजकडून कायझर, कायझरकडून अमेरिकन मोटर्स, तिथून १९८७ मध्ये क्रायस्लर, मग जर्मन सासर, मग इटालियन फियाट. एखाद्या दत्तक मुलानेही इतकी घरं पाहिली नसतील. आणि फिरत फिरत ती आली कुठे, तर पुण्याजवळ रांजणगावला! २०१७ पासून तिथल्या कारखान्यात जीप तयार होते. म्हणजे नाव नांदतंय रांजणगावच्या गणपतीच्या शेजारी आणि रूप नांदतंय नाशिकला गोदावरीकाठी. एका घराण्याच्या दोन पात्या, दोन्ही महाराष्ट्रात. आता भाऊबंदकी झाल्याशिवाय राहील का? ती झाली, पण अमेरिकेत. महिंद्रांनी डेट्रॉइटजवळ 'रॉक्सर' नावाची शेतावरची गाडी काढली, तेव्हा २०१८ मध्ये फियाट-क्रायस्लरने दावा लावला, की हे तोंड आमचं. २०२० मध्ये निकाल महिंद्रांविरुद्ध गेला. त्यांनी तोंड बदललं, त्या वर्षाच्या अखेरीस नव्या तोंडाला परवानगी मिळाली, तरी कज्जा वरच्या कोर्टात रेंगाळलाच. आमच्या सौ. साक्षीला असत्या तर एका तारखेत काम झालं असतं.

जुन्या घराण्याची गाडी नव्याने घडवायची ही हवा सगळीकडेच आहे. इंग्रजांची लँड रोव्हर घ्या. १९४७ मध्ये तिचा पहिला नमुना बनला तोच मुळी जीपच्या सांगाड्यावर. त्याचं स्टिअरिंग मधोमध होतं. ड्रायव्हर मध्ये बसला तर साहेबांनी बसायचं कुठे, हा प्रश्न पडल्यामुळे की काय, ते पुढे टिकलं नाही. तिचं जुनं रूप जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, लोक हळहळले आणि २०१९ मध्ये नवं रूप आलं. कृती एकच. हाल काढून टाकायचे, चेहरा ठेवायचा.

नव्या थारचंही तेच. जुन्या विलीजची ताकद साठ घोड्यांची. हिचं पेट्रोल इंजिन दीडशेचं. हिला काचा आहेत, गारवा आहे, फुगणाऱ्या उशा आहेत, गिअर आपोआप पडतात, मागे तोंड पुढे करून बसायची आसनं आहेत. जुन्यातलं काय उरलं? चौकोनी तोंड, वाटोळे दिवे आणि फटी. ज्यांनी जुनी जीप खरोखर चालवली, त्यांना तिची आठवण आली तर आधी कंबर धरावी लागे. अण्णांना कुणी विचारलं असतं, "जुन्या जीपमधलं काय ठेवू?" तर ते म्हणाले असते, "काही ठेवू नका." मग हे रूप हवंय कुणाला? मला वाटतं, जे रस्त्याच्या कडेला पोतं पांघरून उभे होते त्यांना. आत बसलेल्यांना जीपची स्प्रिंग आठवते. बाहेर राहिलेल्यांना तिचं तोंड आठवतं. आणि बाहेर राहिलेले नेहमीच जास्त असतात. गाड्या खपतात त्या यामुळे.

हा सिद्धान्त मी सभेपुढे मांडला. सौ. म्हणाल्या, "म्हणजे घ्यायची म्हणा की सरळ." ठराव मंजूर.

गाडी आली. पेढे झाले, हळदकुंकू झालं, लिंबावरून चाक गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती खाली जाण्यासाठीच. बादली घेतली, जुन्या बनियनची चिंधी अंगठ्याला गुंडाळली आणि फटीत घातली. वरून खाली. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की गाडी आतूनही धुता येते आणि पाणी जायला तळाला बुचं आहेत. तेही करून पाहिलं. बूच काढल्यावर पाणी खाली गेलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी आणखी एक बादली ओतली. आमच्या सोसायटीचा नवा वॉचमन जरा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, महिन्याचं काय घेता? बी विंगमध्ये दोन गाड्या आहेत."

अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. उलट ओळख पटल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, चला, सिन्नरला जाऊन येऊ." मला पुढे बसायचं होतं. पण गाडीची उंची आणि माझा गुडघा यांचं जमेना. दोष गुडघ्याचा. शेवटी चिरंजीवांनी खालून आणि सौ.नी मागच्या सीटवरून, असं एसटीत गाठोडं चढवतात तसं मला चढवलं. बसलो आणि एकदम लक्षात आलं. ही डावी बाजू. ही साहेबांची जागा. अण्णा २८ वर्षं तिच्या शेजारी बसले, पण या जागेवर एकदाही बसले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल आणि नारळ मिळाला आणि साहेब म्हणाले, "तुम्हाला घरी जीपने सोडतो." अण्णा काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांना चालायची सवय होती. १९९८ मध्ये गेले तेव्हा ते चौघांच्या खांद्यावरून गेले. ती एकच वेळ त्यांनी कुणाला 'नको' म्हटलं नाही.

नारायणगाव गेलं, संगमनेर गेलं. मी ताठ बसून होतो. शेजारी नातू गाडी चालवत होता, अण्णांसारखीच डावा हात मांडीवर टाकून. त्याने अण्णांना कधी गाडी चालवताना पाहिलेलंच नव्हतं, तरी हात तिथेच पडलेला.

सिन्नरला चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर एक म्हातारबा बसले होते. टोपी, धोतर, हातात काठी. त्यांनी गाडीकडे बघितलं, उठले, जवळ आले आणि काठीच्या टोकाने पुढच्या फटींना हलकेच टोचून पाहिलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोन्त्या साहेबाची जीप हाये, भाऊ?"

चिरंजीव काही बोलणार, तेवढ्यात मीच बोललो.

"साहेबाची नाही, बाबा. ड्रायव्हरची आहे."